संत बहिणाबाई : संसार, परमार्थ आणि स्वतःचे समाधान



या घटकात आपण सतराव्या शतकातील संत कवयित्री बहिणाबाई यांच्या चरित्राचा परिचय करून घेणार आहोत. आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी असे आढळते की, काही विद्यार्थी या बहिणाबाईंना खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी समजतात आणि जात्यावरच्या ओव्या, शेतमळा, खानदेशी बोली यांविषयी दोन पाने लिहून मोकळे होतात. बहिणाबाई चौधरी १८८० साली जन्मल्या आणि १९५१ साली वारल्या. आपण ज्यांच्याविषयी वाचणार आहोत त्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, तुकोबांच्या समकालीन आणि शिष्या. त्यांना बहिणाबाई शिऊरकर किंवा बहिणाबाई पाठक असेही म्हणतात. नावाच्या साम्याने फसू नका.

दुसरा खुलासा चरित्राच्या आधाराविषयी. मध्ययुगीन संतांची चरित्रे बहुधा इतरांनी, पुष्कळदा शंभर-दीडशे वर्षांनंतर लिहिली. बहिणाबाईंची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी आपल्या आयुष्याची हकिकत स्वतः अभंगांतून सांगितली. जन्म, लग्न, परागंदा होणे, मार, आजारपण, स्वप्न, नवऱ्याचा राग, स्वतःच्या मनाची घालमेल हे सर्व त्यात क्रमाने येते. मराठीत एखाद्या स्त्रीने आपले लौकिक आयुष्य इतक्या सलगपणे सांगितल्याचे याहून जुने उदाहरण मला माहीत नाही. या अभंगांना आत्मनिवेदन म्हणतात. निवेदन या शब्दाकडे लक्ष द्या. आज आपण तो सांगणे, कळवणे या अर्थाने वापरतो. भक्तिपरंपरेत मात्र आत्मनिवेदन ही नवविधा भक्तीतील नववी, म्हणजे शेवटची पायरी आहे. तेथे त्याचा अर्थ स्वतःला देवाच्या स्वाधीन करणे असा होतो. बहिणाबाईंच्या अभंगांत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. स्वतःविषयी सांगता सांगता त्या स्वतःला सोपवत जातात.

त्यांच्या कथनात चमत्कार आहेत, साक्षात्कार आहेत. साहित्याचे अभ्यासक म्हणून ते खरे की खोटे हे ठरवणे आपले काम नाही. सांगणाऱ्या व्यक्तीने ते आपल्या आयुष्यातील कोणत्या वळणावर ठेवले आहेत आणि त्यानंतर तिच्या वागण्यात कोणता फरक पडला, हे मात्र आपण अवश्य पाहावे.

बालपण आणि विवाह

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० म्हणजे इ.स. १६२८ मध्ये वेरूळजवळच्या देवगाव येथे झाला. आज हे गाव देवगाव रंगारी या नावाने ओळखले जाते. वडील आऊजी हे गावचे कुळकर्णी. आईचे नाव जानकी. अगदी बालवयात बहिणेचा विवाह शिऊर येथील गंगाधरपंत पाठक यांच्याशी झाला. गंगाधरपंत तीस वर्षांचे बिजवर होते, वेदपठण केलेले, ज्योतिष जाणणारे. त्या काळी यात कोणालाही विपरीत वाटले नसणार. मुलीला विचारण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न विचारण्याच्या वयाचीच ती नव्हती.

बहीण नऊ वर्षांची असताना भाऊबंदकीच्या कटकटी विकोपाला गेल्या आणि कुटुंबाला रातोरात गाव सोडावे लागले. आईवडील, जावई आणि मुलगी असा हा काफिला गोदावरीच्या काठाने चालू लागला. भिक्षा मागावी, मिळेल ते धान्य रांधावे, पुढच्या गावाची वाट धरावी. पंढरपूर झाले, शिखर शिंगणापूर झाले, रहिमतपूर झाले. बालपणातील या पायपिटीने तिला दोन गोष्टी दिल्या असाव्यात असे मला वाटते. एक, पंढरीच्या विठ्ठलाची ओळख. दुसरी, घर हे कधीही हातून जाऊ शकते याची जाण. दुसरी गोष्ट ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना पुढचे प्रसंग अधिक कळतील.

अखेर हे कुटुंब कोल्हापूरला स्थिरावले. एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. कोल्हापूर तेव्हाही देवीचे क्षेत्र, तेथे पुराणे, कीर्तने सतत चालत. बहीण तेव्हा अकरा वर्षांची होती.

वासराची गोष्ट

त्या घरी एक गाय आणि तिचे वासरू दानात मिळाले. ते वासरू बहिणेला विलक्षण लळा लावून बसले. ती पाण्याला निघाली की मागे, देवळात निघाली की मागे; तिने घातलेला चारा खावा, तिने दाखवलेले पाणी प्यावे, तिच्याजवळ निजावे. कोल्हापुरात त्या दिवसांत जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने चालू होती आणि त्यांत तुकोबांचे अभंग गायिले जात. बहीण आईवडिलांबरोबर कीर्तनाला जाई, तेव्हा वासरूही जाई. एकदा गर्दी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते बाहेर हंबरू लागले आणि मुलगी आत रडू लागली. जयरामस्वामींनी वासराला आत आणवले आणि दोघांच्याही मस्तकावरून हात फिरवला.

एवढीच ही घटना. तिचे परिणाम मात्र भयंकर झाले. गावात चर्चा सुरू झाली, कोणी कौतुक करू लागले, कोणी कुजबुजू लागले. ती कुजबूज गंगाधरपंतांच्या कानावर गेली. त्यांनी बायकोला वेणी धरून मारले आणि बांधून टाकले. गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडले. पुढे थोड्याच दिवसांत ते वासरू मेले आणि बहीण तीन-चार दिवस शुद्धीवर नव्हती.

येथे थोडे थांबा. गंगाधरपंतांकडे केवळ दुष्ट नवरा म्हणून पाहिले तर चरित्र फार सोपे होऊन जाते. हा मनुष्य विद्वान होता. सासऱ्याच्या कुटुंबासह परमुलखात आश्रिताचे जिणे जगत होता. त्याच्याजवळ उरलेली एकच मत्ता म्हणजे त्याचा वैदिकपणा, त्याची प्रतिष्ठा. आता गावातले लोक येतात ते त्याच्या पाठांतरासाठी नव्हे, तर त्याच्या अकरा वर्षांच्या बायकोला पाहण्यासाठी. बहिणाबाईंनी स्वतः नवऱ्याच्या तोंडी हीच तक्रार घातली आहे: लोक हिला नमस्कार करतील आणि माझ्याकडे गवताच्या काडीइतकेही पाहणार नाहीत, अशा आशयाची. मार खाणाऱ्या स्त्रीने मारणाऱ्याच्या मनातील हे शल्य इतके नेमके ओळखावे आणि काव्यात नोंदवून ठेवावे, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र ओळखणे म्हणजे क्षमा करणे नव्हे, आणि समर्थन करणे तर मुळीच नव्हे. हा फरक मनात पक्का ठेवूनच पुढे जा.

स्वप्नातील अनुग्रह

कीर्तनात ऐकलेल्या अभंगांमुळे बहिणेला तुकोबांचा ध्यास लागला होता. देहू दूर, तुकोबांना पाहिलेले नाही, नवरा घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. परंपरेनुसार इ.स. १६४० मध्ये, कार्तिक वद्य पंचमीस, तुकोबांनी तिला स्वप्नात दर्शन दिले आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. स्वतः तुकोबांनाही त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांनी स्वप्नातच उपदेश केला होता. म्हणजे स्वप्नातील अनुग्रह ही या परंपरेला परकी गोष्ट नाही. राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी चैतन्य, तुकोबा अशी आपली गुरुपरंपरा बहिणाबाई सांगतात.

स्वप्नाचा एक विशेष आपण अभ्यासक म्हणून टिपून ठेवावा. त्या घरात त्या मुलीचे असे काहीच नव्हते. अंग तिचे नव्हते, वेळ तिचा नव्हता, कोणाकडे जावे-येवे हे तिच्या हाती नव्हते. वेदाक्षर उच्चारण्याचा तिला अधिकार नव्हता. स्त्रीच्या देहाला परमार्थाची वाट बंद असल्याची खंत तिच्या अभंगांत उघडपणे येते. स्वप्न ही एकच जागा अशी होती की जेथे कोणी तिला अडवू शकत नव्हते. आणि मिळालेला मंत्रही असा की त्याला सोवळे नको, पोथी नको, कोणाची परवानगी नको. तो मनात म्हणता येतो, पाणी भरताना म्हणता येतो, दळताना म्हणता येतो.

येथपर्यंत मी तिचा उल्लेख एकेरीत केला. वयाने ती मूल होती. यापुढे मी आदरार्थी बहुवचन वापरणार आहे. वय फारसे बदललेले नाही, तरीही.

नवरा घर सोडण्यास निघतो

आता चरित्रातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगाकडे वळू. आपल्या बायकोने तुकोबांना, एका शूद्राला गुरू मानले, हे गंगाधरपंतांना सहन होण्यासारखे नव्हते. मारून काही साधत नाही असे दिसल्यावर त्यांनी वेगळा निर्णय घेतला. बायकोला तिच्या आईवडिलांपाशी ठेवावे आणि आपण तीर्थयात्रेला निघून जावे, तिचे तोंडही पुन्हा पाहू नये. बहिणाबाई त्या वेळी गरोदर होत्या.

ही त्या काळातील स्त्रीच्या दृष्टीने सर्वांत मोठी धमकी होती. टाकलेल्या स्त्रीला समाजात स्थान नव्हते. अशा वेळी बहिणाबाईंच्या समोर रूढ असे दोन मार्ग होते. पहिला, नवऱ्याच्या पाया पडून तुकोबांना सोडल्याचे कबूल करावे आणि संसार वाचवावा. दुसरा, नवऱ्याला जाऊ द्यावे आणि भक्तीच्या मार्गाने एकटे निघावे. दुसऱ्या मार्गाची उदाहरणे भारतीय संतपरंपरेत आहेत. कर्नाटकातील अक्कमहादेवी बाराव्या शतकात घर सोडून निघाल्या, राजस्थानातील मीराबाईंनी राजवाडा सोडला. आपल्याकडील मुक्ताबाई आणि जनाबाई यांनी संसार मांडलाच नाही.

बहिणाबाईंनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी स्वतःशी विचार केला आणि तो विचार आपल्या अभंगांत सविस्तर मांडला. त्याचा आशय असा की, नवऱ्याची सेवा हा आपला धर्म आहे, तो आपण पार पाडू. विठ्ठल आणि तुकोबा यांना खरोखर आपली गरज असेल तर ते रागावणार नाहीत. आजच्या वाचकाला हे वाचून धक्का बसतो. बायकोला बांधून मारणाऱ्या नवऱ्यालाच देव मानायचे? अभ्यासकांमध्येही येथे दोन तट पडतात. काहींना यात पातिव्रत्याच्या चौकटीपुढे पत्करलेली शरणागती दिसते, तर काहींना ती त्या चौकटीच्या आडून साधलेली चतुराई वाटते.

मला दोन्ही मते अपुरी वाटतात. ते अभंग सलग वाचा आणि त्यांत काय नाही ते पाहा. बहिणाबाईंनी कोठेही तुकोबांना सोडल्याचे म्हटलेले नाही. मंत्र सोडला नाही, नाम सोडले नाही. नवऱ्याची सेवा करीन असे त्या म्हणतात. नवऱ्यासारखा विचार करीन असे म्हणत नाहीत. सेवा आणि श्रद्धा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. हात, वेळ, श्रम यांवर संसाराचा हक्क त्यांनी मान्य केला. मनाच्या आत काय चालावे, यावर मात्र नवऱ्याचा हक्क मान्य केला नाही. तो प्रसन्न झाला तरच आपण सुखी होऊ, ही अट त्यांनी मनातून काढून टाकली. नवऱ्याचा राग हा नवऱ्याचा प्रश्न झाला आणि स्वतःचे समाधान हा स्वतःचा.

शब्दाशी थोडे थांबू

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थिनीला येथे एक मोह आवरत नाही, तो आपण सहन करावा. मराठीत आपण सुखाविषयी कसे बोलतो ते पाहा. मला सुख मिळाले, मला आनंद झाला, मला दुःख झाले. या सर्व वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत येते. ती कर्ता नाही. सुख, आनंद, दुःख या बाहेरून येऊन तिला घडणाऱ्या गोष्टी आहेत. आता हे वाक्य पाहा: मी समाधान मानले. येथे व्यक्ती कर्ता झाली आहे. समाधान हा शब्दच सम्, आ आणि धा या घटकांचा, म्हणजे नीट एकत्र ठेवणे, जागच्या जागी बसवणे अशा अर्थाचा. समाधी हा त्याचाच भाऊबंद. विस्कटलेले मन उचलून जागी ठेवण्याचे काम कोणीतरी करावे लागते आणि मराठी वाक्यरचना सांगते की, ते ज्याचे त्याने करायचे आहे.

परंतु हे सांगून मी थांबले तर तो अर्धा पाठ होईल. समाधान मानणे या क्रियापदाचे एक रूप आपण सर्वांनी घरोघरी ऐकले आहे: समाधान मानून घे. हे आज्ञार्थी रूप आहे. येथे कर्ता पुन्हा बदलला. समाधान दुसऱ्याने ठरवले, मानायचे मात्र तिने. सासू सुनेला सांगते, आई माहेरी परतलेल्या मुलीला सांगते. बहिणाबाईंच्या बाबतीत समाधान मानण्याचा निर्णय कोणी त्यांच्यावर लादलेला नव्हता. उलट घरातील प्रत्येक जण त्यांना सांगत होता की, हा नाद सोड. त्यांचे समाधान हे आज्ञार्थाचे उत्तर नव्हते. ते आज्ञा मोडून मिळवलेले होते.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर मी हा घटक शिकवत असताना मागच्या बाकावरील, अंगणवाडीत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले की, मग बाईने मार खात राहावे असेच हे अभंग सांगतात ना. वर्गात शांतता पसरली. त्या दिवशी मी तिला सतराव्या शतकातील समाजस्थितीविषयी पुष्कळ सांगितले. संदर्भ दिले, कालखंड समजावला. ती मान हलवत राहिली. घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की, तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेच नव्हते. तिने इतिहास विचारला नव्हता. ते उत्तर येथे देते. नाही, हे अभंग तसे सांगत नाहीत. बहिणाबाईंच्या हाती जे होते त्याची जबाबदारी त्यांनी घेतली. मार थांबवणे त्यांच्या हाती नव्हते, कारण त्यांच्या बाजूला ना कायदा होता ना समाज. आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, दाद मागता येते, घर सोडता येते, शिकून स्वतःच्या पायावर उभे राहता येते. ज्या गोष्टी आज आपल्या हाती आहेत, त्या सोडून केवळ मनाची समजूत घालत राहणे म्हणजे बहिणाबाईंचे अनुकरण नव्हे. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे त्यांनी अतिशय स्वच्छ ओळखले होते; आपली यादी त्यांच्या यादीपेक्षा लांब आहे. ती विद्यार्थिनी त्या वर्षी परीक्षेला बसली, एवढे मला कळले. हे पान तिच्या हाती पडेल की नाही, कोण जाणे.

आजारपण आणि बदल

नवरा निघणार होता, पण निघाला नाही. ज्या दिवशी प्रस्थान ठेवायचे, त्याच सुमारास गंगाधरपंतांना जबर दुखणे आले. सुमारे महिनाभर ते अंथरुणावर होते. औषधाला गुण येईना. बहिणाबाई रात्रंदिवस शुश्रूषा करीत होत्या. आपण तुकोबांची निंदा केली, त्याचे हे फळ असावे असे गंगाधरपंतांच्या मनात आले. बहिणाबाईंच्या कथनाप्रमाणे एक वृद्ध ब्राह्मण तेथे प्रकटला आणि त्याने गंगाधरपंतांना त्यांच्या वागण्याचा जाब विचारला. त्यांना पश्चात्ताप झाला, दुखणे उतरले आणि ते स्वतःच तुकोबांच्या दर्शनाला निघण्यास तयार झाले.

या बदलाकडे पाहताना एक चूक हमखास होते. पत्नीच्या सेवेने नवरा सुधारला, असे तात्पर्य आपण काढतो. कथेचा क्रम तसे म्हणत नाही. बहिणाबाईंचा निर्णय आधी झाला होता आणि तो नवऱ्याच्या सुधारणेवर अवलंबून नव्हता. गंगाधरपंत बरे झाले नसते, निघून गेले असते, तरी तो निर्णय तसाच राहिला असता. त्यांना बदलले ते स्वतःच्या देहाच्या असहायतेने आणि स्वतःच्या मनातील टोचणीने. थोडक्यात, त्यांच्या बदलाची जबाबदारीही त्यांनाच घ्यावी लागली.

देहूचे दिवस

ते कुटुंब देहूला आले. तुकोबांना पाहण्याची बहिणाबाईंची इच्छा पुरी झाली. स्वप्नात पाहिलेली मूर्ती आणि समोर कीर्तनात उभी असलेली व्यक्ती एकच, असे त्या सांगतात. येथेच त्यांना काशी नावाची मुलगी झाली. पुढे विठोबा नावाचा मुलगा झाला. देहूत सर्व सुखाचे होते असे मात्र नाही. तुकोबांचे विरोधक मंबाजी गोसावी यांनी या ब्राह्मण कुटुंबाला आपले शिष्यत्व घेण्यास सांगितले. ते नाकारले जाताच त्रास सुरू झाला. बहिणाबाईंची गाय मंबाजींनी बांधून मारली आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, अशी कथा त्या सांगतात. कोल्हापुरातही आरंभ गाय, वासरू आणि मार यांनीच झाला होता, हे आपल्या लक्षात आले असेल. फरक इतकाच की या वेळी गंगाधरपंत मारणाऱ्याच्या बाजूला नव्हते.

देहूविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती विषयाला थोडी सोडून आहे. त्याच गावात तुकोबांची पत्नी जिजाई राहत होती. तिच्या घरी चित्र नेमके उलटे होते. परमार्थात रमलेला नवरा आणि पोरांच्या पोटाची चिंता वाहणारी बायको. परंपरेने जिजाईला कजाग ठरवले. बहिणाबाईंचे चरित्र वाचल्यावर जिजाईच्या वाट्याला आलेल्या संसाराकडेही पुन्हा एकदा पाहावे. एकाच्या भक्तीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो तेव्हा काय होते, हा प्रश्न बहिणाबाईंच्या अभंगांतून सुटत नाही, पण उभा मात्र राहतो. बहिणाबाईंनी आपल्या भक्तीचा भार कोणावर टाकला नाही. भक्तीसाठी त्यांनी घरातील एकही काम दुसऱ्यावर ढकलल्याचे दिसत नाही. जिजाईच्या दारात उभे राहून विचार केला तर याचे मोल कळते.

शिऊरची वर्षे आणि लेखन

पुढे हे कुटुंब गंगाधरपंतांच्या मूळ गावी, शिऊरला परतले. शके १५७१ मध्ये तुकोबांचे प्रयाण झाल्याचे कळल्यावर बहिणाबाई देहूला आल्या आणि त्यांनी अठरा दिवस अन्नावाचून काढले, असे सांगितले जाते. त्यानंतरचे दीर्घ आयुष्य शिऊरात गेले. या काळाविषयी घटना कमी सापडतात आणि लेखन अधिक. संसारात राहून निवृत्ती कशी साधावी, प्रवृत्ती आणि निवृत्ती यांचा मेळ कसा घालावा, पतिव्रतेची लक्षणे कोणती, सद्गुरू कोणाला म्हणावे, हे त्यांचे आवडते विषय.

त्यांच्या लेखनातील एका कृतीकडे मी आपले विशेष लक्ष वेधते. वज्रसूची नावाचा एक संस्कृत ग्रंथ आहे. बौद्ध परंपरेत तो अश्वघोषाच्या नावावर आहे आणि वज्रसूचिका या नावाचे एक उपनिषदही आहे. ब्राह्मण कोणाला म्हणावे, हा त्याचा विषय. देहामुळे ब्राह्मण, जन्मामुळे ब्राह्मण, वर्णामुळे, पांडित्यामुळे, कर्मामुळे, असे एकेक पर्याय घेऊन तो खोडतो आणि ब्रह्म जाणणाराच ब्राह्मण असा निष्कर्ष काढतो. बहिणाबाईंनी हा विचार मराठी अभंगांत आणला. वेदाचा अधिकार नाकारलेली, ब्राह्मण घरातील एक स्त्री हे लिहिते याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्या प्रश्नावरून त्यांच्या संसाराची राखरांगोळी होण्याची वेळ आली होती, तो हाच प्रश्न होता: ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे काय? तेव्हा नवऱ्याशी त्यांनी वाद घातल्याची नोंद नाही. माझी समजूत अशी की, त्या वादाचे उत्तर त्यांनी वज्रसूचीच्या अभंगांतून दिले. रागावून नव्हे, तर एकेक मुद्दा शांतपणे बाजूला सारत.

बहिणाबाईंची गाथा विसाव्या शतकाच्या आरंभी छापून प्रसिद्ध झाली. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ साली त्यांच्या अभंगांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठीबाहेरच्या अभ्यासकांनाही त्यांचे आत्मनिवेदन वाचावयास मिळू लागले.

शेवट

बहिणाबाईंना बहात्तर वर्षांचे आयुष्य लाभले. अखेरच्या दिवसांत मुलगा विठोबा घरी नव्हता. त्याची पत्नी रुक्मिणी नुकतीच वारली होती आणि तिच्या उत्तरक्रियेसाठी तो शुक्लेश्वर येथे गेला होता. आपला शेवट जवळ आल्याचे बहिणाबाईंनी त्याला पत्राने कळवले. तो आल्यावर आईने त्याला समोर बसवून आपल्या मागील बारा जन्मांची हकिकत सांगितली आणि हा तेरावा जन्म शेवटचा असल्याचे सांगितले. पूर्वजन्मांवर आपला विश्वास असो वा नसो, एका वृद्ध स्त्रीने मृत्युशय्येवर मुलाला आपले सगळे आयुष्य, आपल्या परीने आदिपासून, सांगून टाकले. वडिलांची बाजू, आपली बाजू, कोणाचे चुकले, कोणाचे ऋण होते, हे सर्व तिला जन्मांच्या त्या लांब साखळीत बसवता आले.

शके १६२२, आश्विन शुद्ध प्रतिपदा, म्हणजे इ.स. १७०० मध्ये त्यांनी शिऊर येथे देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे. वैजापूर तालुक्यातील आपल्यापैकी कोणी विद्यार्थी असतील तर त्यांनी ती पाहिलेली असेलच. इतरांनी कधी वेरूळला जाणे झाले तर वाट वाकडी करून तेथे अवश्य जावे. तत्पूर्वी आत्मनिवेदनाचे अभंग आरंभापासून क्रमाने, एका बैठकीत वाचावेत, आणि नवरा घर सोडण्यास निघतो त्या ठिकाणी पुस्तक मिटून, आपण त्यांच्या जागी असतो तर त्या रात्री काय ठरवले असते, ते आपल्या वहीत लिहून ठेवावे. मग पुढचा अभंग उघडावा.